रबर की इरेझर?

परवा भर दुपारी हरभट रोडवरच्या एका स्टेशनरीच्या दुकानात माझ्या नातीने "काका, इरेझर द्या" म्हटले आणि दुकानदाराने आत तोंड करून "अरे, एक रबर काढ" अशी हाक दिली. व्यवहार पुरा झाला, कोणालाच काही खटकले नाही. खटकले ते मला, कारण असल्या रिकामटेकड्या शंका मलाच येतात.

इंग्रज रबर म्हणतो, अमेरिकन इरेझर. अमेरिकेत रबर मागितले तर दुकानदार भलतीच वस्तू पुढे करील; ती कोणती, हे नातीदेखत सांगणे बरे नव्हे. मला मात्र इरेझर हा शब्द उगाच शिष्ट वाटतो. रबर म्हणजे घासणारे, एवढाच त्याचा साधा अर्थ. पेन्सिलीच्या खुणा पूर्वी पावाच्या चुऱ्याने पुसत. मग जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाने १७७० साली आपल्या पुस्तकात त्या कामाला उत्तम अशा एका पदार्थाची नोंद केली. नेर्न नावाचा लंडनचा उपकरणे बनवणारा कारागीर त्याचा अर्ध्या इंचाचा तुकडा तब्बल तीन शिलिंगला विकत असे. झाडाच्या त्या चिकाला पुढे रबर हे नाव पडले ते या घासण्यावरूनच. म्हणजे ट्रॅक्टरच्या टायरपासून पायातल्या स्लिपरपर्यंत सगळ्यांचे बारसे खोडरबराने केले आहे, आणि गंमत अशी की हल्लीच्या पांढऱ्याशुभ्र खोडरबरात बहुधा रबर नसतेच, प्लास्टिक असते.

इरेझरच्या मुळाशी मात्र खरवडणे आहे. हे वाचले तेव्हा मला आमच्या लहानपणची अर्धी लाल, अर्धी निळी वडी आठवली. लाल बाजू पेन्सिलीसाठी, ती मऊपणे घासायची, म्हणजे खरे रबर. निळी शाईसाठी, तिच्यात कचकच असायची आणि ती कागद सोलूनच काढायची, म्हणजे अस्सल इरेझर. एकाच वडीत इंग्रजीचे दोन्ही शब्द सुखाने नांदत होते आणि आम्ही दोन्ही बाजूंना रबरच म्हणत होतो. निळ्या बाजूला थुंकी लावली की शाई लवकर जाते, असा वर्गात ठाम समज होता. शाई जायची नाही. आधी कागदाच्या सुरळ्या निघायच्या, मग भोक पडायचे. गुरुजी त्या भोकाभोवती लाल शाईने गोल काढून एक गुण कापायचे, आणि पानामागचे बरोबर आलेले गणितही त्याच भोकातून जायचे.