तुम्ही विचारलंत म्हणून: हेन्री जॉर्जची मतं चोरली गेली का?

१८८६ च्या न्यूयॉर्कच्या महापौर निवडणुकीत हेन्री जॉर्ज हा कामगारांचा उमेदवार होता; जमिनीचं भाडं मालकांचं नव्हे, सगळ्या समाजाचं, असं तो मांडत असे. टॅमनी हॉल ही तिथली डेमोक्रॅटिक पक्षाची बलाढ्य संघटना. या निवडणुकीचा विषय निघाला की प्रश्न ठरलेला: "जॉर्जची मतं टॅमनी हॉलनं चोरली, हे तुम्ही सरळ का म्हणत नाही?" मी कचरते, असं तुम्हाला वाटतं. मी कचरत नाही.

निकाल असा: टॅमनीचा उमेदवार ह्युइट ९०,५५२, जॉर्ज ६८,११०, रिपब्लिकन पक्षाचा रूझवेल्ट ६०,४३५. बावीस हजारांहून मोठा फरक. मतपत्रिका तेव्हा सरकार छापत नसे, पक्षच छापून वाटत. कोणी कुठली पेटीत टाकली, ते उभा असलेला माणूस बघू शकत असे. अशा मतदानात काय काय झालं असेल, ते मलाही कळतं. पण मला छळतो तो फादर मॅकग्लिन यांचा प्रसंग.

सेंट स्टीफन्स चर्चचे हे धर्मगुरू. गरीब आयरिश कामगार त्यांच्यावर जीव टाकत. जॉर्जसाठी बोलायचं नाही, असा आर्चबिशप कॉरिगन यांचा हुकूम होता. तरी १ ऑक्टोबरला ते चिकरिंग हॉलमध्ये बोलले आणि दोन आठवड्यांसाठी निलंबित झाले. मग आर्चबिशपांच्या हाताखालचे मोठे अधिकारी प्रेस्टन यांनी पत्र लिहिलं: जॉर्जची तत्त्वं चर्चच्या शिकवणीविरुद्ध आहेत. मतदानाआधीच्या रविवारी टॅमनीनं ते पत्र चर्चच्या दारांत वाटलं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून बायकामुलांसह बाहेर पडणाऱ्या कामगाराच्या हातात ते पडलं. भाडं त्याला पिळत होतं, जमिनीच्या मालकीवरचं जॉर्जचं म्हणणं त्याच्याच घरातलं होतं, आणि आता त्याला मत देणं धर्माविरुद्ध ठरत होतं. त्यानं मंगळवारी ह्युइटला मत दिलं असेल, तर ते मोजणीत चोरलेलं नव्हतं. ते आधीच काढून घेतलेलं होतं. जॉर्जच्या धास्तीनं ह्युइटकडे वळलेल्या रिपब्लिकनांचंही तेच.

"चोरी" म्हटलं की सगळा दोष मतपेटीवर जातो आणि ते पत्र सुटतं, म्हणून मी तो शब्द टाळते.

पूर्वी मी तोच शब्द छातीठोकपणे वापरायचे. तेव्हाची मी आजही हटकते: मोजणाऱ्यांना पुरावा ठेवायचाच नव्हता, तर तो मागतेस कोणाकडे? याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणते, की १८८७ मध्ये मॅकग्लिन यांना धर्मबहिष्कृत केलं गेलं आणि १८९२ मध्ये परत घेतलं. त्यांच्या त्या पाच वर्षांचा हिशेब मतपेटीतल्या चोरीत कुठे मांडायचा, ते तुम्ही मला सांगा.