दाढेतलं सिमेंट का निघतं?

‘ताई, चांदी भरेल व्हती ती पंधरा वरीस हालनी नही. हाई पांढरं सिमेंट दोन वरीसमा काबर निंघी गयं?’

चोपड्यातल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. कुणी रागानं विचारतं, कुणी पैसे वाया गेले म्हणून हळहळतं. बाहेर बाकावर पाच जण बसलेले असताना याचं नीट उत्तर देणं होत नाही, आणि अर्धवट उत्तर मला द्यायचं नसतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सवडीनं सांगते.

चांदी, म्हणजे अमाल्गम, दाताला चिकटत नाही. ती अडकून बसते. खड्डा तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद कोरायचा, त्यात ती ठासून भरायची, घट्ट झाली की बाहेर यायला वाट नाही. त्यासाठी चांगला दातही कोरावा लागायचा. पांढरं सिमेंट, म्हणजे कंपोझिट, चिकटून राहतं, म्हणून किडलेलं तेवढंच काढून भागतं. पण चिकटवायचं म्हटलं की ज्याला चिकटवायचं त्याचा स्वभाव बघावा लागतो, आणि दाताच्या आत दोन वेगळे स्वभाव आहेत.

वरचं कवच, एनॅमल, वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यात फॉस्फोरिक ॲसिड वापरतात, हे पाहून मायकेल बुओनोकोर या अमेरिकन दंतवैद्यानं १९५५ मध्ये तेच एनॅमलवर करून दाखवलं. ॲसिडनं पृष्ठभाग बारीक खरबरीत होतो आणि रेझिन, म्हणजे आधी पातळ असणारं आणि मग घट्ट होणारं चिकट द्रव्य, त्यात घट्ट रुतून बसतं. एनॅमल धुवा, खडूसारखं पांढरं दिसेपर्यंत वाळवा, काम झालं.

कीड मात्र एनॅमलवर थांबत नाही. खाली डेंटीन लागतं. त्यात खनिज जेमतेम ७० टक्के, बाकी कोलॅजन या प्रथिनाचे धागे आणि पाणी. शिवाय त्यात बारीक नळ्या असतात. कवचाजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे २० हजार, नसेजवळ ४५ हजारांच्या घरात, आणि तिथे त्या रुंदही असतात. त्यांतला द्रव आतून बाहेर ढकलला जात असतो. म्हणजे खड्डा जितका खोल तितकी जमीन ओली. आणि रेझिनचं पाण्याशी जमत नाही.

डेंटीनवर ॲसिड लावलं की वरच्या काही मायक्रॉनमधलं खनिज निघून जातं आणि नुसती कोलॅजनची जाळी उरते. रेझिननं या जाळीत शिरून तिथेच घट्ट व्हायचं, म्हणजे दात आणि सिमेंट यांच्यामध्ये दोन्हींचा मिळून एक थर तयार होतो. जपानच्या नाकाबायाशींनी १९८२ मध्ये हा थर दाखवला. त्याला हायब्रीड लेयर म्हणतात. सगळी पकड या एवढ्याशा थरात आहे. ॲसिड १५ सेकंदांपेक्षा फार जास्त ठेवलं तर जाळी खोल होते, रेझिन तळापर्यंत पोचत नाही, आणि खाली उघडे राहिलेले धागे दातातलेच एन्झाइम हळूहळू कुरतडतात. असं सिमेंट पहिल्या दिवशी छान बसलेलं असतं आणि दोन-तीन वर्षांनी निघतं.

आता माझी चूक सांगते. सुरुवातीची काही वर्षं मी डेंटीनही एनॅमलसारखंच हवा मारून मारून कोरडंठाक करायची. तापीतलं शेवाळ पाण्यात असतं तोवर मोकळं डोलतं, बाहेर काढलं की दगडाला चपटं चिकटतं. कोलॅजनची जाळीही पाण्याच्या आधारावर उभी असते. पाणी उडालं की ती झोपते, रेझिनला शिरायला जागाच राहत नाही. खाली नळ्या उघड्याच. माझे पेशंट चार दिवसांनी परत यायचे, ‘ताई, गार पाणी लई लागतं’ म्हणायचे, आणि मी त्यांना थोडे दिवस थांबा म्हणायची. त्यांना तो त्रास माझ्या हातानं झाला होता. उलट पाणी जास्त राहिलं तर रेझिनमध्ये पाण्याचे थेंब अडकतात आणि थर सच्छिद्र होतो.

ही गोष्ट एकदा मी कापूस लावणाऱ्या एका आबांना समजावून सांगत होते. ओलंही नको, कोरडंही नको, मधलं काहीतरी, असं माझं चाललं होतं. त्यांनी तोंडातला कापूस काढला आणि म्हणाले, ‘मंग वाफसा म्हना ना!’

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हाच शब्द आहे. पाऊस पडल्यावर लगेच शेतात शिरलं तर चिखल, फार थांबलं तर ढेकळं. वाफसा आला की पेरायचं. मी आता ॲसिड धुतल्यावर हवा मारत नाही, कापसाचा बारीक बोळा टेकवून पाणी टिपून घेते. डेंटीनवर मंद चकाकी हवी, पण कोपऱ्यात डबकं नको. ती चकाकी दिसली की लगेच बाँड, म्हणजे जाळीत शिरणारं ते पातळ रेझिन, लावते. हल्ली न धुण्याचे, म्हणजे ॲसिड वेगळं लावून धुवावं लागत नाही असे, बाँडही मिळतात. त्यांतल्या काहींमधलं एमडीपी नावाचं रसायन दातातल्या कॅल्शियमशी थेट जोडलं जातं, त्यामुळे वाफशाची चिंता बरीच कमी होते. ब्रशनं नीट चोळून लावणं मात्र त्यालाही लागतंच.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही यात वाटा आहे. बाँडमध्ये ॲसिटोन किंवा अल्कोहोल असतं. तेच रेझिनला जाळीत घेऊन जातं आणि मग उडून जातं. पारा ४५ च्या आसपास असताना बाटली उघडी राहिली की ते आधीच उडतं. थेंब दाट होतो, पसरत नाही. म्हणून मे महिन्यात मी थेंब आधी काढून ठेवत नाही. दात तयार झाला की काढते आणि झाकण लगेच लावते. कॉम्प्रेसरचंही तसंच. रोज सकाळी त्याची हवा आरशावर मारून बघते. तेलाचा किंवा पाण्याचा ठिपका उमटला तर त्या हवेनं कुणाचाही दात वाळवायचा नाही.

कंपोझिट घट्ट होताना साधारण २ ते ३ टक्के आकसतं. खोल खड्डा एकदम भरला तर ते आकसताना भिंतीवरून सुटतं, म्हणून दोन मिलिमीटरचे थर देत, प्रत्येक थरावर लाइट मारत भरायचं. यालाच वेळ लागतो.

काही गोष्टी तुमच्याकडूनही हव्यात. दाढ ठणकली की घरोघरी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवतात. दुखणं थांबतं हे खरं, पण लवंगेतलं युजेनॉल रेझिन घट्ट व्हायला अडथळा करतं. लावलं असेल तर मला सांगा, लपवू नका. मी वरचा थर साफ करून मग भरते.

आणि मिसरी. वर्षानुवर्षं मिसरी घासून दाताची मान झिजते. तिथलं डेंटीन पिवळं आणि काचेसारखं गुळगुळीत होतं, नळ्या खनिजानं बुजलेल्या असतात, ॲसिड तिथे धरत नाही. त्यात हिरडी सुजलेली, हात लागला की रक्त. बाँडवर रक्ताचा किंवा लाळेचा ओघळ गेला की ती पकड गेलीच. तोंडात रबर डॅम लावते तेव्हा बरेच जण घाबरतात, पण ते रबर लाळ अडवण्यासाठीच असतं.

गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या एक मावशी अशाच झिजलेल्या तीन दातांसाठी आल्या. ‘आजच भरी द्या, परवा सासरी जानं शे,’ म्हणाल्या. हिरडीतून रक्त येत होतं. मी नाही म्हटलं. त्या नाराज झाल्या, पण मी त्या दिवशी फक्त दात साफ केले, मिसरी सोडायला सांगितलं, आणि पंधरा दिवसांनी बोलावलं. त्या धुळ्याहून एसटीनं परत आल्या. हिरडी गुलाबी झाली होती. मी पृष्ठभाग बरनं, म्हणजे दात कोरायच्या बारीक टोकानं, हलका खरबरीत केला आणि ग्लास आयोनोमर भरलं. विल्सन आणि केंट यांनी १९७२ मध्ये जगापुढे आणलेलं हे सिमेंट कॅल्शियमला रासायनिक रीतीनं धरतं आणि थोडा ओलावा सोसतं. कंपोझिटइतकं ते सुंदर दिसत नाही, पण हिरडीलगतच्या अशा जागी मला त्याचा भरवसा वाटतो.

‘किती वरीस टिकी?’ त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला नाही. पुढच्या आखाजीला या, कडा तपासून देते, म्हटलं. यंदा त्या आल्या. मी प्रोबचं टोक तिन्ही सिमेंटच्या कडेवरून फिरवलं. दोन ठिकाणी ते कुठे अडकलं नाही. तिसऱ्या ठिकाणी हिरडीच्या बाजूला किंचित अडकलं, तिथे मी पुन्हा भरून दिलं.