बुधवारी विचारू नये

आम्ही नागा गावात गेलो तो बुधवार होता. पुण्याहून निघताना व्हिसा, विमा, पाऊस, डास अशा सगळ्याचा विचार केला होता. वाराचा तेवढा राहून गेला.

इंडोनेशियातल्या पश्चिम जावात गारुतहून तासिकमलायाकडे जाणाऱ्या नागमोडी रस्त्यावर एका ठिकाणी गाडी थांबली. समोर वाहनतळ, चार दुकानं, आणि गावाचा पत्ता नाही. गाव खाली दरीत आहे आणि तिथे पायऱ्यांनीच जावं लागतं. पायऱ्या चारशेच्या वर. नेमक्या किती, यावर एकमत नाही. ज्याची त्याची मोजणी वेगळी येते म्हणे. माझी एकशे बाराव्या पायरीवर संपली, कारण तिथे पाय घसरला आणि आकडा निसटला. बायको पुढे मोजत राहिली.

मग झाडी जरा बाजूला झाली. चिवुलान नदी, तिच्या काठाने उतरत गेलेली भाताची खाचरं, आणि मधोमध एकमेकांना खेटून बसलेली काळी छपरं. दुरून वाटलं, म्हशींचा कळप पाण्याशेजारी रवंथ करत बसलाय. आरेन नावाच्या ताडाच्या खोडाभोवती काळे, केसाळ धागे असतात, त्यांनी ही छपरं शाकारतात. साधारण ११० घरं, आणि सगळी मिळून दीड हेक्टरात, म्हणजे आपल्या भाषेत पावणेचार एकरात. सगळ्यांची आढी पूर्व-पश्चिम, दारं उत्तरेला नाहीतर दक्षिणेला. एकही घर वाकडं नाही. आमच्या सोसायटीतल्या गाड्या पाहिलेल्या माणसाला हे दृश्य क्षणभर खोटंच वाटतं.

नाव नागा, पण गावात नाग नाही. इथल्या सुंदानी भाषेत ‘गावीर’ म्हणजे कडा किंवा उतार, ‘ना गावीर’ म्हणजे उतारावरचं, त्याचं झालं नागा, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. कागदोपत्री ही वाडी नेगलासारी नावाच्या ‘देसा’त मोडते. देसा म्हणजे आपलाच देश. शब्द समुद्र ओलांडून गेला आणि तिकडे जाऊन गावाएवढा झाला. आपणही सह्याद्रीच्या वरच्या अंगाला देश म्हणतोच, तेव्हा हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही.

वाटाड्या गावातलाच होता. पन्नाशीचा, काटक, डोक्याला रुमाल. त्याला आम्ही ‘पाक’ म्हणायचो (म्हणजे बापाक, बाबा), तो माझ्या बायकोला ‘इबू’, म्हणजे आई. मी वहीचं नवं पान काढलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, “पाक, हे गाव वसवलं कुणी?”

तो नुसता हसला. म्हणाला, “आज बुधवार.”

मला वाटलं माझं मोडकं इंडोनेशियन त्याला कळलं नाही. पण कळलं होतं. मंगळवार, बुधवार आणि शनिवार या तीन दिवशी पूर्वजांबद्दल, गावाच्या उगमाबद्दल, रीतिरिवाजांच्या मुळाबद्दल इथे बोलत नाहीत. का बोलत नाहीत? “पामाली,” तो म्हणाला, आणि विषय संपला.

या पामालीचं मराठी करायला मला कोश लागला नाही, कारण माझी आजी होती. तिन्हीसांजेला केर काढू नये. का गं? काढू नये म्हणून काढू नये. उंबऱ्यावर बसू नये. का? बसू नये, सांगितलं ना! सुंदानी पामालीत तर उंबरा थेट आलाच आहे: दारात बसलेल्या मुलीचं लग्न लवकर जमत नाही. आजीने कारण दिलं नव्हतं, इथे ते आयतं मिळालं. पटलं असं नाही, पण इतक्या लांब येऊन आजीच्या बाजूने कुणीतरी बोललं याचं बरं वाटलं.

इतिहास मी थोडा वाचून गेलो होतो, त्यामुळे गप्प बसणं आणखी जड गेलं. १९५६ साली इस्लामी राज्यासाठी लढणाऱ्या दारुल इस्लामच्या बंडखोरांनी हे गाव जाळलं. घरांबरोबर जुन्या पोथ्या आणि वस्तूही गेल्या. तेव्हापासून आपल्या इतिहासाबद्दल इथली माणसं म्हणतात, ‘पारेउम ओबोर’. मशाल विझली. म्हणजे इतर चार वारी विचारलं असतं तरी फार काही हाती लागलं असतं असं नाही. पण माणसाला जे विचारता येत नाही तेच विचारायचं असतं. वहीतलं ते पान अजून कोरं आहे.

मग उरलं काय, तर घरं बघणं. गल्ल्या इतक्या अरुंद की चालताना एका बाजूला कुणाची ओसरी, दुसऱ्या बाजूला कुणाचं वाळवण. पाक प्रत्येक दारावरून जाताना जरा वाकायचा आणि म्हणायचा, “पुनतेन.” आतून, कधी माणूस न दिसता, उत्तर यायचं, “मांगा.” पुनतेन म्हणजे, माफ करा, मी जातोय. मांगा म्हणजे, या, जा, खुशाल. दहा घरं गेल्यावर मीही पुनतेन म्हणायला लागलो आणि आतून मांगा आलं, तेव्हा शाळेत उत्तर बरोबर आल्यासारखा आनंद झाला.

घर जमिनीवर टेकत नाही. दगडांवर खांब, खांबांवर घर, आणि खालच्या मोकळ्या जागेत सरपण आणि कोंबड्या. भिंती बांबूच्या तट्ट्याच्या, वरून चुन्याने पांढऱ्या केलेल्या. आत खुर्ची नाही, टेबल नाही, सगळे चटईवर. मागचं दार नसतंच. दोन्ही दारं एकाच बाजूला, एक बसायच्या खोलीचं, एक स्वयंपाकघराचं. पुढून आलेली बरकत मागून निघून जाऊ नये म्हणून, असं पाकने सांगितलं. हा प्रश्न बुधवारी चालतो, कारण तो पूर्वजांचा नाही, घराचा आहे. एव्हाना मला फरक कळायला लागला होता.

म्हणजे इथलं स्वयंपाकघर पुढे असतं. आपल्याकडे पाहुण्याला माजघर ओलांडून आत घ्यायचं की नाही यावरून तो किती जवळचा हे ठरायचं. इथे चूल रस्त्याकडे तोंड करून बसलेली. आणि तिचं दार फळ्यांचं नाही. बांबूच्या पट्ट्यांचं, मोकळ्या विणीचं, जाळीसारखं. धूर बाहेर जातो हा एक फायदा झालाच. दुसरा पाकने दाखवला. दाराला नाक लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, आत आग तशीच राहिली तर जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसते. बांबू, लाकूड आणि ताडाच्या केसांचं गाव, घराला घर लागून. एक निखारा चुलीबाहेर पडला तर तो एका घराचा राहत नाही.

मी त्या दारापुढे बराच वेळ उभा होतो. आग दिसते तसं आग नसलेलंही दिसत असणार. दुपार झाली आणि अमकीची चूल पेटलेली नाही, हे पाणी भरायला निघालेल्या शेजारणीच्या लक्षात येत असणार. ते सुखाचं की जाचाचं, हे तिथे राहिल्याशिवाय सांगता यायचं नाही. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत, चारही सागवानी, चारांनाही बाहेर बघायला भिंग. आत बघायची सोय कुठल्याच दाराला नाही.

घरधनीण ‘आयोह’ म्हणाली तसे आत गेलो. मातीची चूल, तिचं नाव हावू. फुंकणी बांबूची. भात उकडायचं सेएंग नावाचं कंबर आवळलेलं भांडं, त्याच्या तोंडात उलट्या टोपीसारखी बांबूची शंकूच्या आकाराची टोपली. आणि कोपऱ्यात एक खोली, आमच्या कपाटाएवढी. मी सहज तिकडे वळलो तर पाकने हळूच दंडाला धरलं. गोआह. तांदळाची खोली. तिथे बायकाच जातात. घरच्या कर्त्या पुरुषालासुद्धा मज्जाव. तांदूळ म्हणजे ‘न्याइ पोहाची’, म्हणजेच भाताची देवी श्री, आणि तिच्याकडे जायचं तर बाईनेच. गाव मुसलमान आहे, मशीद गावाच्या मध्यावर आहे, वर्षाचे सहा सण इस्लामी महिन्यांप्रमाणे होतात, आणि तांदळाच्या खोलीत श्री आहे. यात काही विसंगती आहे असं तिथे कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. कापणीलासुद्धा पूर्वापार कोयता वापरत नाहीत. तळहातात लपेल एवढी एतेम नावाची पाती, तिने एकेक लोंबी खुडायची, श्री दचकू नये म्हणून.

घरधनिणीने माझ्या बायकोला मात्र बोलावलं आणि पडदा सारला. ती आत डोकावली, मिनिटभर थांबली, बाहेर आली. मी विचारलं, “काय आहे?” म्हणाली, “तांदूळ.” त्यापलीकडे तिने आजतागायत काही सांगितलेलं नाही.

वीज गावाने घेतलेली नाही. वर रस्त्यावर तारा आहेत, खाली उतरू दिल्या नाहीत. आगीची भीती हे एक कारण. दुसरं, वीज आली की कुणाकडे काय आहे आणि कुणाकडे नाही ते दिसायला लागतं. हे ऐकून मी भारावणार एवढ्यात एका घरातून टीव्हीचा आवाज आला. गाडीच्या बॅटरीवर चालतो. ते मला जास्त आवडलं, खरं सांगायचं तर. दिवे रॉकेलचे, आणि ते स्वस्त राहिलेलं नाही. २००७ पासून सरकारने देशभर रॉकेलऐवजी तीन किलोची हिरवी गॅसटाकी द्यायला सुरुवात केली आणि रॉकेलची सवलत आटत गेली. गॅसवर भात शिजेल, कंदील कसा पेटायचा?

जेवायला भात, तळ्यातला मासा, मिरचीचा ठेचा, म्हणजे साम्बाल, आणि ताटभर कच्ची पानं. पानं म्हणजे कोशिंबीर वगैरे नाही, झाडावरून काढून धुतलेली पानं, ठेच्याला लावून खायची. सुंदानी माणसाला बागेत सोडलं तर तो उपाशी मरत नाही, असा विनोद ते स्वतःच सांगतात. चहा आला तो बिनसाखरेचा, बिनदुधाचा, पाण्यासारखा, आणि हवा तितका. दोन घोट घेतल्यावर माझा चेहरा पाहून घरधनीण आत गेली आणि आरेनच्या गुळाचा खडा घेऊन आली.

निघताना तिने रांगिनांगची पिशवी दिली. चिकट तांदळाचा भात वाळवून केलेल्या गोल चकत्या, आपल्या भातवड्यांच्या चुलत बहिणी. वर पोहोचल्यावर बायकोने पायऱ्यांचा आकडा जाहीर केला. पाक म्हणाला, त्याचा वेगळा येतो.

महिन्याभराने पुण्यात त्या चकत्या तळायला घेतल्या तर फुलेनात. पाकचा नंबर होता. फोन तो वर दुकानात नेऊन चार्ज करतो. मुद्दाम गुरुवार बघून निरोप लिहायला बसलो. ‘पाक, आता सांगा, गाव वसवलं कुणी,’ असं लिहिलं, पुसलं, आणि रांगिनांग का फुलत नाही ते विचारलं.

संध्याकाळी उत्तर आलं. “बायकोला विचारून सांगतो.”