मॉरिशस: मुक्काम पश्चिमेला, जेवण रस्त्यावर

जुलै-ऑगस्टात मॉरिशसला जाणार असाल तर मुक्काम पश्चिम किनाऱ्यावरच करा. आपल्याकडे धो धो पाऊस असतो तेव्हा तिकडे हिवाळा, आणि आग्नेयेचे वारे पूर्व किनाऱ्याला झोडपत असतात. पूर्वेचा बेल मार किनारा देखणा आहे, पण वाऱ्यात वाळूवर बसवेना. पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकला आलो तर पाणी निवांत. पाण्यात उतरताना रबरी बूट घालाच. प्रवाळ कापतं आणि स्टोनफिशचा काटा विषारी असतो. दक्षिणेला ग्रि-ग्रिपाशी प्रवाळाची भिंत नाही, लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे फक्त बघायचं, पोहायचं नाही.

नाश्ता सोडून हॉटेलात जेवणाचे पैसे भरू नका, हे माझं ठाम मत. खरी चव रस्त्यावर आहे. ढोल पुरी म्हणजे आत वाटलेली पिवळी डाळ भरलेली मऊ, पातळ पोळी. आपली पुरणपोळी गुळाशिवाय खाल्ल्यासारखी वाटते, पण वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची रस्सेदार भाजी, टोमॅटोची रुगाय, लोणचं आणि मिरचीची चटणी पडली की ती पूर्ण वेगळी होते. जोडीनेच मिळते, कागदात गुंडाळून. मिरची आधी थोडीच मागा. शाकाहारी माणसाचं पोट यावर आरामात भरतं. सकाळी गातो पिमां, म्हणजे डाळीचे तिखट वडे, लोणी लावलेल्या पावात घालून खावेत. पोर्ट लुईसच्या मंडईत सब्जा घातलेलं गार, दुधाचं अलूदा प्या. चिंच-मिरची लावलेला अननस किनाऱ्यावर मिळतो, तो तर चुकवूच नका.

पोर्ट लुईसला रविवारी जाऊ नका, दुपारनंतर शहर ओस पडतं. आप्रवासी घाट मात्र वेळ काढून पाहा. 1834 पासून मळ्यांवर राबायला आणलेले हिंदुस्थानी मजूर इथे उतरले. त्यांत कोकणातली माणसंही होती. त्या दगडी पायऱ्यांसमोर मला बराच वेळ बोलवेना. ल मॉर्नचा डोंगर पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता, तोही 2008 पासून जागतिक वारसा आहे. चढण सोपी नाही, सकाळी लवकर निघा.

बस स्वस्त आहे, पण संध्याकाळी लवकर बंद होते. दूरचं ठिकाण असेल त्या दिवशी गाडी भाड्याने घ्या. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. भाद्रपदात गेलात तर फ्लिक-आँ-फ्लाकजवळच्या कास्काव्हेलला जा. तिथली मराठी कुटुंबं गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला तिकडे सरकारी सुट्टी असते. बँकेची कामं आदल्या दिवशीच उरका.