दोन हट्ट आणि एक मदरबोर्ड

तौक्ते वादळात आमच्या घरामागचा फणस आडवा झाला, पण माझं खरं नुकसान झालं ते आठवड्याने. १६ मे २०२१ ला गेलेली लाईट सातव्या दिवशी भपकन आली, गेली, परत आली. तेवढ्यात दुकानातल्या पीसीचा बोर्ड उडाला. मालवणात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, न्याहारी निवासांचे फलक, स्कुबावाल्यांचे छोटे व्हिडिओ अशी कामं.

त्या पीसीवर माझा दहा वर्षांचा राग होता. २०११ च्या मार्चमध्ये एका दुकानदाराने मला आय५-२५००के हा इंटेलचा प्रोसेसर आणि एच६७ चिपसेटचा (बोर्डावर काय करता येईल ते ठरवणारी चिप) बोर्ड अशी जोडी गळ्यात बांधली. 'के' म्हणजे ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला, मोकळा प्रोसेसर, म्हणून पैसेही जास्त. आणि एच६७ त्याचा मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, वाढवूच देत नाही! हे कळायला मला बायोसमध्ये (बोर्डातला, पीसी सुरू करणारा प्रोग्राम) अख्खा रविवार घालवावा लागला. परत गेलो तर म्हणाला, "मग पी६७ घ्यायचा होतात." तो घेतला असता तर प्रोसेसर पळवता आला असता, पण त्याच्याच पोटातलं ग्राफिक्स फुकट गेलं असतं. पी६७ मध्ये त्या ग्राफिक्सचं चित्र मॉनिटरपर्यंत न्यायची वाटच नव्हती, वेगळं कार्ड घ्यावंच लागे. दोन्ही हट्ट पुरवणारा झेड६८ आला त्याच वर्षी मे महिन्यात. दोन महिने थांबलो असतो तर!

आता २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचे भाव ऐकून हसू येत होतं. म्हणजे अंगभूत ग्राफिक्सच हवं, आणि जुना हट्ट म्हणून ओव्हरक्लॉकिंगही. पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, एएमडीचा ५६००एक्स प्रोसेसर घेऊन बसू नको हां, त्यात ग्राफिक्सच नाही. ५६००जी घे." इंटेलकडे प्रोसेसर पळवायची मुभा अजून झेडवाल्यांनाच, म्हणजे झेड५९०. बी५६० वर निदान रॅमचा वेग वाढवता येतो, एच५१० वर तेही नाही. एएमडीकडे ए५२० स्वस्त, रॅमचा वेग वाढवू देतो, प्रोसेसरला मात्र कुलूप. बी५५० वर सगळं उघडं. मी बी५५० मागवला. बोर्डाला एचडीएमआय आहे ना, हे फोटो मोठा करून दोनदा बघितलं.

चतुर्थीला दहा-बारा दिवस असताना पार्सल आलं. जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी ती काळीच. रॅम काढून घातली, केबल बदलली. माजघरातून आई, "काय रे, पेटलो काय तुझो डबो?" पेटलो नव्हतो. बोर्ड आधीच्या काळात बनलेला आणि ५६००जी बाजारात आला ऑगस्टमध्ये, त्यामुळे बोर्डातल्या बायोसला तो ओळखीचाच नव्हता. नशीब, या बोर्डाला मागे फ्लॅशबॅकचं, म्हणजे पीसी सुरू न होताही बायोस बदलायचं, बटण होतं. पेन ड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करून घेतला, नवीन बायोसची फाइल बोर्डाच्या कंपनीने सांगितलेल्या नावाने त्यात टाकली, खूण असलेल्या यूएसबीत खोचला, बटण तीन सेकंद दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला. बाहेर पाऊस, आणि आमच्याकडची लाईट म्हणजे काय सांगू! मध्येच गेली तर बायोस अर्धवट, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पीसी यूपीएसवर होता, तरी मी त्या दिव्याकडे देवघरातल्या समईसारखा बघत बसलो. पाचेक मिनिटांनी लुकलुक थांबली आणि स्क्रीनवर बोर्डाचं नाव उमटलं.

मग ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसरच्या सगळ्या कोअरचा वेग वर नेला तर सोबत आलेला छोटा कूलर हेअर ड्रायरसारखा ओरडायला लागला. एसी नसलेली खोली, भिंतींना ओल. दोन तासांत तो नाद सोडला. ग्राफिक्सचं घड्याळ, म्हणजे त्याचा वेग, तेवढं १९०० वरून २२०० मेगाहर्ट्झवर नेलं, ते टिकलं. पण व्हिडिओचा प्रीव्ह्यू तरी अडखळेच.

भाच्याला स्क्रीनचा फोटो पाठवला. त्याने उलट विचारलं, "रॅम किती कांड्या?" एकच, आठ जीबीची. "मामा, त्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही रे, तुझ्याच रॅमवर जगतंय ते. अर्धा रस्ता बंद करून ठेवलायस." ३२०० च्या एका कांडीवर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी जातं, दोन असल्या की ५१.२. कुडाळहून तशीच दुसरी कांडी आणली, एक खाच सोडून बसवली. प्रीव्ह्यू सुरळीत. हे तर ए५२० वरही झालं असतं, हे भाच्याला अजून सांगितलेलं नाही.

सध्या घड्याळ २१०० वर ठेवलंय. केसच्या मागच्या स्क्रूंना मात्र दिवाळीच्या आत गंज धरला. खाऱ्या वाऱ्याला कुठला चिपसेट आहे त्याच्याशी काय देणंघेणं!