तुम्ही विचारलंत म्हणून : ठोकळे कोरले, मग चित्रे गेली कुठे?

जुन्या छपाईविषयी बोलणे निघाले की मला हा प्रश्न हमखास विचारला जातो: इंग्रज कवी आणि कारागीर विल्यम मॉरिसच्या ‘द अर्थली पॅरडाइज’ या काव्यासाठी त्याचा चित्रकार मित्र एडवर्ड बर्न-जोन्सने इतकी चित्रे काढली, ती छापण्यासाठी लाकडी ठोकळेही कोरून झाले, तरी १८६८ ते १८७० या काळात निघालेल्या पुस्तकात ती का नाहीत? खर्च झेपला नसावा, असे विचारणाऱ्याने बहुधा आधीच ठरवलेले असते. माझे उत्तर असे, की चित्रांचे खिळ्यांशी, म्हणजे मजकूर छापायच्या धातूच्या सुट्या अक्षरांशी, जमले नाही.

बेत सुमारे पाचशे चित्रांच्या भव्य ग्रंथाचा होता. प्रेमदेव क्युपिड आणि त्याची प्रेयसी सायकी यांच्या एकाच कथेसाठी, जी मॉरिसने प्राचीन रोमन लेखक आपुलेयसच्या लॅटिन ग्रंथातून घेतली होती, बर्न-जोन्सने सत्तरेक रेखाटने केली. पेनची रेघन्‌रेघ लाकडात हुबेहूब उतरवणारे डॅल्झिएल बंधूंसारखे व्यावसायिक लंडनमध्ये असतानाही मॉरिसने बहुतेक ठोकळे स्वतः कोरले. त्याचा हात सराईत नव्हता आणि मला वाटते, तेच पथ्यावर पडले. वायुदेव झेफिरस सायकीला उचलून नेतो ते चित्र पाहावे: बाह्यरेषा ठसठशीत, वस्त्राच्या चुण्या मोजक्या रेघांत आटोपलेल्या आणि त्या काळच्या मासिकांतल्या चित्रांना प्रिय असलेल्या करड्या छटांचा सोस कुठेही नाही.

अडचण पुढे आली. ठोकळा आणि खिळे एकाच चौकटीत आवळून, एकाच शाईने, एकाच दाबाखाली छापले जातात, त्यामुळे रेषेच्या जाडीतला फरक पानावर लपत नाही. लंडनच्या चिझिक प्रेस या छापखान्यात कॅस्लन नावाच्या जुन्या इंग्रजी वळणाच्या खिळ्यांत नमुन्याची पाने जुळवली गेली, तेव्हा चित्रांशेजारी मजकूर अगदीच फिका पडला. बेत बारगळला, काव्य शीर्षकपृष्ठावरच्या एकुलत्या एका चित्रासह निघाले आणि लोकप्रियही झाले. (वाचकांचे चित्रांवाचून काही अडले नाही, हेही मान्य करायला हवे.)

चित्रांच्या तोलाचे भरदार ‘ट्रॉय’ अक्षर मॉरिसने केल्म्सकॉट प्रेस हा स्वतःचा छापखाना काढल्यावर, १८९०च्या दशकात, स्वतःच घडवले. पण जुने ठोकळे त्याच्या हयातीत त्या अक्षराबरोबर छापले गेले नाहीत. पुढे ते लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या पुरातत्त्वप्रेमींच्या संस्थेकडे आले आणि १९७४ मध्ये केंब्रिजच्या रँपंट लायन्स प्रेसने सायकीची कथा ४४ चित्रांसह, ट्रॉय अक्षरातच, छापली.