मागचं चाक, तिसरी टेप आणि केशरी रंग

सापडलं! तीन आठवडे, दोन टेपा, दोन व्हॉल्व्ह आणि सीलंटची अख्खी बाटली खर्ची पडल्यावर माझ्या सायकलच्या मागच्या ट्यूबलेस चाकाची हवा कुठून जाते ते शनिवारी रात्री सापडलं. (या चाकात ट्यूब नसते: रिममधली स्पोकची भोकं टेप चिकटवून बंद करायची आणि टायरमध्ये बारीक छिद्रं बुजवणारं सीलंट ओतायचं.) रविवारी संध्याकाळी ३० पीएसआय भरले होते, आज बुधवारी सकाळी गेज लावलं तर २९. मागच्या वेळी इथं लिहिताना वैतागून नवं चाकच घेतो म्हणालो होतो, ते मागे घेतो.

आधी अलिबागची फेरी, कारण सगळं तिथंच उघड झालं. वद्य द्वितीया मुद्दाम निवडली होती. तिथीला तीनने गुणून चाराने भागलं की भरतीची वेळ मिळते, म्हणजे रात्री दीड. त्यात सव्वासहा तास मिळवले की पावणेआठला पूर्ण ओहोटी. शिवाय पौर्णिमा नुकतीच झालेली असल्यानं पाणी खूप आत जातं आणि घट्ट वाळूचा पट्टा रुंद मिळतो. कोथरूडहून पहाटे तीनला गाडीला सायकल बांधून निघालो, सातच्या आत अक्षीला चाकं वाळूवर. अक्षी ते नागाव हा तुकडा मी आजवर इतका सुंदर कधी चालवला नव्हता. ४२ मिलिमीटरचा टायर २८ पीएसआयवर ओल्या वाळूत जेमतेम रेघ उमटवत होता. रात्रभर खेकड्यांनी काढून ठेवलेल्या वाळूच्या बारीक गोळ्या चाकाखाली फुटत होत्या, तेवढाच काय तो आवाज. परतताना अक्षीच्या शिलालेखापाशी पाणी प्यायलो. शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा तो दगड, दर वेळी तिथं थांबल्याशिवाय पुढं जाववत नाही.

मग पोयनाडच्या बाजूच्या खारबांधांवर, म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधांवर गेलो. एका हाताला तिवरं आणि खाजण, दुसऱ्या हाताला कापून झालेल्या भाताचे धसकट आणि जिताड्याची तळी, मधे हात-दीड हात रुंद मातीचा बांध. याच पट्ट्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं जमिनी पेरल्या नाहीत, संप केला. बांधावर चढ नाही, उतार नाही, फक्त समोर लक्ष ठेवायचं. आणि इथंच मागचं चाक बसायला लागलं. दर वीस मिनिटांनी उतरायचं, मिनी पंपानं शंभर-सव्वाशे धक्के मारायचे, पुन्हा निघायचं. उघडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, एक आजोबा बसले होते. म्हणाले, "भाऊ, दुपारचं पाणी चढायच्या आत माघारी फिरा, पुढं बांधाला खांड गेलीय." दोनला भरती होती. मऊ टायर घेऊन बांधाची ती फुटलेली जागा ओलांडण्यात अर्थ नव्हता. फिरलो. अर्धा फेरा राहिला, तो मनाला लागून राहिलाय.

आता मूळ दुखणं. काटा नव्हता, टायरला कुठं चीर नव्हती, बीड (टायरची रिममध्ये बसणारी कड) नीट बसलेलं होतं. चाक टबात बुडवलं की बुडबुडे यायचे व्हॉल्व्हच्या भोकातून. साहजिकच व्हॉल्व्ह बदलला. मग त्याचं रबर कडक वाटलं म्हणून दुसऱ्या आकाराचा घेतला. हवा जातच राहिली. मग टेप मोजली: रिम आतून २५ मिलिमीटर, टेपही २५. ही चूक खरी होती. टेप रिमच्या आतल्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद हवी, म्हणजे ती दोन्ही कडांना वर चढते आणि बीड तिच्यावर बसतं. २८ ची आणून लावली. दोन दिवस टिकली, तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा १८. आणि या वेळी बुडबुडे व्हॉल्व्हपाशी नाहीत, थेट समोरच्या बाजूच्या एका निपलमधून, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या नटातून!

तिथं डोक्यात प्रकाश पडला. रिम आतून पोकळ असते. टेपखाली एकदा हवा शिरली की ती त्या पोकळीत गोल फिरते आणि जिथून सोपं पडेल तिथून बाहेर येते. व्हॉल्व्ह घट्ट केला तेव्हा तिनं निपल शोधला, एवढंच. बाहेर बुडबुडा कुठं येतो यावरून टेपला भोक कुठं आहे हे कळतच नाही. मी तीन आठवडे बाहेरच्या बाजूनं शोधत होतो.

मग स्वयंपाकघरातून जिलबीचा केशरी रंग घेतला. साठ मिलिलिटर सीलंटमध्ये चार-पाच थेंब, नीट हलवून. दोन दिवस मुठा उजव्या कालव्याच्या कडेनं वीस-वीस किलोमीटर फिरवलं, रात्री चाक आलटून पालटून आडवं ठेवलं. शनिवारी टायर उतरवला. टेप वरून पुसून पाहिली तर नवी कोरी, कुठं छिद्र दिसेना. मग ती सावकाश सोलत गेलो. व्हॉल्व्हपासून सातव्या स्पोकच्या भोकावर टेपच्या खालच्या अंगाला तिळाएवढा केशरी ठिपका, आणि तिथून भोकात उतरलेला बारीक ओघळ. बाकी सगळीकडे टेप आतून स्वच्छ.

त्या भोकाच्या कडेवरून नख फिरवलं तर बोचलं. खात्री करायला कापसाचा बोळा सगळ्या अठ्ठावीस भोकांवरून फिरवला. तंतू अडकले ते फक्त या एकाशी. तेव्हा आठवलं, मे महिन्यात मागचा स्पोक तुटला होता तो याच जागचा. एका दुकानात बदलून घेतला, आणि पोकळीत पडलेलं निपलचं डोकं काढायला त्यांनी स्क्रूड्रायव्हर खुपसला होता. ॲल्युमिनियमची कड तिथं उचलली गेली. टायरमध्ये हवा भरली की टेप प्रत्येक भोकात किंचित दबते, आणि या भोकावर ती रोज थोडी थोडी कापली जात होती. म्हणूनच प्रत्येक नवी टेप दोन-तीन दिवस टिकायची. चाक खोलणाऱ्या प्रत्येकानं शेवटी कड बोटानं तपासलीच पाहिजे, याबाबत माझं मत आता पक्कं आहे.

इलाज अर्ध्या तासाचा निघाला. बोहरी आळीतली बारीक गोल कानस, मग ४०० आणि ८०० नंबरचा पॉलिश पेपर. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोनदा पुसली, हेअर ड्रायरनं कोमट केली, टेपचे दोन वेढे ताणून घातले. व्हॉल्व्हचं भोक ब्लेडनं न कापता तापवलेल्या दाभणानं पाडलं. कड वितळून गोल होते, पुढं फाटत नाही. रात्रभर ट्यूब घालून ४० वर ठेवलं म्हणजे टेप दाबून चिकटते. रविवारी ट्यूब काढली, व्हॉल्व्ह बसवला, त्याचा कोअर (आतली बारीक झडप) काढून साध्या फ्लोअर पंपानं हवा मारली आणि दहाव्या-बाराव्या धक्क्याला बीड बसलं: टक्, आणि लगेच दुसऱ्या बाजूनं टक्. कॉम्प्रेसर लागला नाही, पेट्रोल पंपावर नोझल घेऊन जावं लागलं नाही. तो आवाज ऐकून घरातले सगळे बाल्कनीत आले.

टेप सोलली होती तेव्हा अजून एक गोष्ट दिसली, ती इथं लिहायची नव्हती, पण लिहिता लिहिता उठून पुढचं चाकही बघून आलो. मागच्या चाकात दोन निपलांच्या बुडाशी पांढरी भुकटी, पुढच्यात तीन. हे खाऱ्या पाण्याचं काम. ॲल्युमिनियमचे निपल आणि स्टेनलेसचे स्पोक एकमेकांना चिकटून, त्यात मीठ आणि ओल. अशा जोडीत ॲल्युमिनियम झिजतं. फेरीहून आलो की सायकल गोड्या पाण्यानं धुतो, पण ते पाणी बहुतेक त्या खाचेत पुरेसं पोचत नाही. मे महिन्यात जे तुटलं त्याचंही कारण हेच असणार.

म्हणून बेत बदलतोय. येत्या अमावास्येनंतर दिवेआगर ते हरिहरेश्वर करायचं ठरवलं होतं, ते रद्द. आधी दोन्ही चाकांना पितळी निपल. वजन छप्पन निपलांत फार तर चाळीस ग्रॅम वाढेल, त्यासाठी किनाऱ्यावर चाक मोडून घेणं मला मान्य नाही. चाकं घरीच बांधणार, चाकाचा आउट (डगमग) पण स्वतःच काढणार.

तोवर मिठाशिवायची दलदल हवी, तर भिगवण आहेच. उजनीचं पाणी जानेवारीनंतर मागं सरकायला लागलं की कुंभारगावच्या बाजूला जी सपाट जमीन उघडी पडते ती सुकल्यावर खारबांधाइतकीच छान चालते, आणि शेजारी रोहित पक्षी चरत असतात. ओली असेल तेव्हा मात्र जायचं नाही. काळी माती दहा वेढ्यांत फोर्कमध्ये गच्च बसते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. शिवाय काठानं वेडी बाभूळ आणि सराटे. त्यामुळे सीलंट साठऐवजी नव्वद मिलिलिटर घालणार, आणि मागं ४५ चा टायर बसतो का तेही बघतो; चेनस्टेपाशी (मागच्या चाकालगतच्या फ्रेमच्या नळ्यांपाशी) दोन्हीकडे पाच-पाच मिलिमीटर उरतात असं आत्ताच मोजलं.

टाकळीच्या बाजूनं पाणी किती मागं गेलंय हे कुणी गेल्या आठवड्यात पाहिलं असेल तर कळवा. पितळी निपल शुक्रवारी येतायत, १२ मिलिमीटरचे, साठ. चार जास्तीचे मागवलेत.